सावकाशरावांची तापणारी गाडी

आमच्या ह्यांना कुणी कधी घाई करताना पाहिलं असेल तर त्याने येऊन मला सांगावं, मी त्याला पोटभर चहा पाजेन. रस्ता ओलांडायचा तर हे आधी उजवीकडे बघणार, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे, आणि तोवर सिग्नल बदललेला असणार. हे बुटाची नाडी बांधायला बसले की तेवढ्यात मी सगळी भांडी विसळून पालथी घालते. "अहो, आवरा की!" म्हटलं की उत्तर ठरलेलं. "सावकाश गं, सावकाश." म्हणून कामावर सगळे त्यांना सावकाशराव म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि हे हसून ओ देतात.

मूळचे असे नव्हते म्हणतात. माझी सासू सांगायची, लहानपणी जिन्यावरून उड्या मारत यायचे. पण पुढे काचेच्या कारखान्यात पॅकिंगला लागले आणि जन्मभर ग्लास, बरण्या, दिव्यांच्या चिमण्या गवतात गुंडाळून खोक्यात ठेवत राहिले. तिथे घाई केली की खळ्ळकन आवाज. मग हात सावकाश झाले, हातांमागून पाय, आणि शेवटी अख्खा माणूस. घरी पाण्याचा तांब्यासुद्धा असा ठेवतात, की ठेवला हे वळून बघितल्याशिवाय कळत नाही. लग्नानंतर पहिले काही महिने मला वाटायचं, हा माणूस चिडलाय की काय! नंतर कळलं, हा स्वभावच आहे.

कारखाना बंद पडला तेव्हा मी आधीपासूनच इथे लॉन्ड्रीत होते. इथे म्हणजे हाडं मोडलेल्या, ऑपरेशनं झालेल्या माणसांना पुन्हा चालतं करायचं केंद्र. पेशंटच्या खोल्या खाली, आणि व्यायामाचा हॉल वर टेकाडावर. कुणा शहाण्याने बांधलं देव जाणे! ज्यांना चालता येत नाही त्यांना चढावर न्यायचं. मधल्या चढावर व्हीलचेअर ढकलवत नाही, म्हणून एक बॅटरीची गाडी आहे. गोल्फच्या मैदानावर फिरवतात तसली, कुठल्या क्लबाने वापरून वापरून काढून टाकलेली. सीटखाली बॅटऱ्या, वर ताडपत्रीचं छप्पर, आणि पायाशी एक पेडल. ह्यांना या गाडीवर घेतलं तेव्हा सुपरवायझरबाईंनी मागच्या सीटवर काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास ठेवला आणि म्हणाल्या, "वर जाऊन या." हे वर जाऊन आले. थेंब सांडला नाही. मला इतका अभिमान वाटला की त्या दिवशी मी तीन चादरी चुकीच्या कपाटात ठेवल्या.

पेशंट तर ह्यांच्यावर खूश. खड्डा कुठे आहे, कुठे गाडी कलते, सगळं पाठ. हॉर्नसुद्धा असा वाजवायचे की जणू कुणाची झोपमोड होईल. सगळं कसं छान चाललं होतं, आणि मग गाडी तापायला लागली.

त्याच सुमाराला माझी आई इथे पेशंट म्हणून आली.

आईचं सांगायचं तर ती ह्यांच्या बरोबर उलटी. ती बाजारात निघाली की आम्ही पोरं मागून पळायचो. सत्तरी उलटली तरी तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरात एकटी राहायची, लिफ्ट नाही तरी जिन्याला भीक घालायची नाही. पडदे काढायला स्टुलावर चढली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हाड झकास जुळलंय, आता रोज वर हॉलमध्ये न्या, व्यायाम करा, चालायला लागतील आणि जातील आपल्या घरी. आम्ही खूश. रोज सकाळी न्यायला जावईच, गाडी घेऊन. अजून काय पाहिजे?

पण आई पाय टेकवेना. पहिल्या आठवड्यात चार पावलं टाकली, दुसऱ्यात दोन, आणि मग हॉलमधल्या खुर्चीतच बसून राहायला लागली. व्यायाम घेणारी मुलगी म्हणायची, "आजी, दुखतंय का?" आई म्हणायची, "नाही." "मग?" "मग काय? राहू दे." मी विचारलं तर माझ्यावरच डाफरली. "तुला काय करायचंय? तुझ्या चादरी बघ!" रात्रंदिवस तुरुतुरु चालणारी बाई, आणि तिला काय झालं ते ना डॉक्टरांना कळे ना मला. माझं तर डोकंच चालेनासं झालं. एकदा पलंगावर बसून माझा हात धरून म्हणाली, "माझं घर विकून टाका तुम्ही." मी न्हाणीघरात जाऊन रडले.

आणि इकडे गाडी. एके दिवशी ऐन चढावर सीटखालून धूर आला. प्लॅस्टिक जळल्याचा घाणेरडा वास. ह्यांनी आईला अलगद उतरवून झाडाखाली बसवलं आणि गाडीच्या चाव्या काढून उभे राहिले. केंद्राच्या वायरमनने, म्हणजे लाइट-पंखे-लिफ्टपासून सगळं बघणारा एक जाडजूड मिश्यांचा गृहस्थ, त्याने सीट उचलून बघितलं. जाड तारेच्या स्प्रिंगा असतात तशा कॉइली लाल होऊन लोंबत होत्या आणि बाजूच्या वायरींचं आवरण वितळून गेलं होतं. त्याने कॉइल बदलली. महिनाभरात पुन्हा तेच झालं.

आता खरी गंमत ऐका. गाडीवर दोन पाळ्या. सकाळी हे, दुपारनंतर दुसरा ड्रायव्हर, ज्याला सगळे बुलेट म्हणतात. नाव उगीच नाही पडलेलं. तो पेडल दाबतो तो थेट तळाला. वळणावर पेशंट एकमेकांच्या अंगावर पडतात, आज्या किंचाळतात, आणि हा शीळ वाजवत वर. मला सांगा, गाडी कुणाच्या हातात जळायला हवी? बुलेटच्या! पण त्याच्या पाळीत गाडी थंडगार. जळते ती आमच्या सावकाशरावांच्या हातात, जे गाडीला फुलासारखं जपतात. हा कुठला न्याय?

सुपरवायझरबाईंनाही ते पटेना. त्यांनी ह्यांना बोलावलं आणि मलाही. म्हणाल्या, "खरं सांगा, लॉन्ड्रीचे गठ्ठे वाहता का गाडीवर? बायको तिकडेच आहे म्हणून विचारते."

माझं डोकं असं फिरलं! "बाई," म्हटलं, "गठ्ठे मी स्वतः ओढते. हात बघा माझे. आणि हा माणूस मलासुद्धा कधी त्या गाडीत बसवत नाही, म्हणतो पेशंटशिवाय कुणी नाही, सरकारी नियम आहे. गठ्ठे कुठले वाहतोय!"

"बरं, बरं," बाई म्हणाल्या. "मी आरोप नाही करत. मला कळतच नाहीये. पण एक ऐका. पुन्हा धूर निघाला तर ही गाडी भंगारात. नवी गाडी कधी येईल ते मला माहीत नाही. तोवर चढावरच्या पेशंटचा व्यायाम बंद. तुम्हाला गेटवर बसवीन, नोकरीची काळजी करू नका."

नोकरीची काळजी कुणाला होती! गाडी गेली की आईचा हॉल गेला, आणि हॉल गेला की आई खाटेला खिळली ती कायमची. तिचं तिसऱ्या मजल्यावरचं घर, खिडकीतल्या कुंड्या, सगळं गेलं. बाहेर आल्यावर मी ह्यांना म्हटलं, "अहो, काहीतरी करा हो!"

"करतो ना," हे म्हणाले. "आणखी सावकाश चालवतो."

आणि खरंच चालवायला लागले. मी दुसऱ्या दिवशी गठ्ठे टाकून मुद्दाम गाडीबरोबर निघाले, स्वतःच्या डोळ्यांनी बघावं म्हणून. गाडीत आई, पुढे हे, आणि मी बाजूने चालत. तर मलाच थांबावं लागायचं! एक मुंगळा आमच्या पुढे गेला, खोटं नाही सांगत. ह्यांनी पेडलवर पाय असा ठेवलेला की अंड्यावर ठेवलाय. गाडी गुरगुरत, कण्हत, इंचाइंचाने पुढे. चढाच्या मध्यावर पोचलो तर गाडी जागच्या जागीच उभी राहिली, पण गुरगुर चालूच.

"थांबलात का?" मी विचारलं.

"आईंना जरा दम घेऊ दे."

"अहो, आई बसलीय! चढतेय गाडी!"

"तरी पण."

"मग ब्रेक लावा ना."

"ब्रेक सोडताना हिसका बसतो गं. खुब्याला लागेल. मी पायानेच तोलून धरलीय." आणि खरंच, पेडल अर्धं दाबून त्यांनी ती गाडी चढावर तोलून धरली होती, भरलेला ग्लास हातात धरावा तशी. असा जीव कोण कुणाला लावतं? आई मात्र मागे बसून माझ्याकडे बघत होती, ओठ घट्ट मिटून. तेवढ्यात मला वास आला. मी सीटच्या कडेला हात लावला आणि "आई गं!" करून मागे घेतला. धूर नव्हता अजून, पण आता होईल की मग अशी गत होती.

मी वायरमनला ओढतच आणलं. गाडी निवल्यावर त्याने सीट उचलली आणि आत हात घालून एक करपलेलं ब्लँकेट बाहेर काढलं. त्यावर आमच्या लॉन्ड्रीचा शिक्का! मी ह्यांच्याकडे बघितलं.

"जुनं होतं," हे खाली मान घालून म्हणाले. "सीट गरम लागते म्हणत होत्या एक आजी. म्हणून मधे घडी करून घातलं."

"अहो सावकाशराव," वायरमनने कपाळाला हात लावला, "आधीच तापतंय, त्याला वर पांघरूण घातलंत?" मग तो खाली बसला आणि मला समजावायला लागला. "वहिनी, ही जुन्या तऱ्हेची गाडी आहे. हिच्या बॅटऱ्या काही कमी-जास्त देत नाहीत. देतात ती पुरी. मग हळू कशी चालवायची? तर वीज या तारांमधून फिरवून आणायची. मोटरला कमी पोचते, उरलेली इथेच अडकून तापते. पेडल थोडं दाबलं की सगळ्या तारा मधे. अजून दाबलं की एकेक तार मधून गळते. पूर्ण दाबलं की एकही तार मधे नाही, वीज सरळ मोटरला. म्हणजे पळवली की तारा गार, आणि हळू नेली की तापल्या."

"काहीतरीच काय," मी म्हटलं. "हळू नेली की जास्त तापते? मग चुलीवर दूध मंद आचेवर ठेवलं की लवकर उतू जाईल म्हणा!"

"तसं नाही हो वहिनी…"

"आणि थांबवून धरली तर?"

"तर सगळ्यात वाईट. वीज चालू, गाडी उभी, वारा नाही. सगळं तारेत."

ह्यांचा चेहरा असा झाला होता, की एखाद्याने सांगावं, तुम्ही इतकी वर्षं ज्याला जेवू घालत होतात त्याला त्या जेवणानेच त्रास होत होता. "म्हणजे मी जपतोय म्हणून जळतेय?" त्यांनी विचारलं. वायरमनने दुसरीकडे बघितलं. म्हणाला, "कॉइल टाकून देतो नवी. ही शेवटचीच आहे माझ्याकडे."

घरी आल्यावर मला काही सुचेना. ह्यांचं खरं म्हणावं तर वायरमन खोटा, आणि वायरमनचं खरं म्हणावं तर जगच उलटं. पंखा लावला आणि डोक्यात आलं. आमच्या बेडरूममधला पंखा जुना, त्याचा रेग्युलेटर म्हणजे भिंतीवरचा तो मोठा काळा डबा. मी पंखा एकवर ठेवला, थोड्या वेळाने डब्याला हात लावला. गरम! पाचवर ठेवला, निवू दिला, पुन्हा हात लावला. गार. पुन्हा एकवर. पुन्हा गरम. इतकी वर्षं मी त्या डब्यावरची धूळ पुसतेय आणि कधी लक्षात आलं नाही.

"अहो, इकडे या. हात लावा इथे."

ह्यांनी हात लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग पंखा पाचवर करून पलंगावर बसले आणि केस उडत असताना म्हणाले, "पंख्यात माणूस बसलेलं नसतं गं. मी आईंना घेऊन तसा नाही जाऊ शकत. उद्यापासून त्यांना बुलेट नेऊ दे."

"बुलेट?" मी ओरडलेच. "त्या रानरेड्याच्या हाती माझी आई? तुम्हाला काही वाटतं का?"

"मग काय करू? हळू नेलं तर गाडी जळते, जोरात नेलं तर आईंना लागतं. मला कळत नाही गं, काय करू मी!" हा माणूस लग्नापासून माझ्यावर एकदा आवाज चढवून बोलला असेल तर शपथ. त्या दिवशी चढवला. मग लगेच "सॉरी" म्हणाले, आणि पाणी प्यायला उठले. मलाही कुठे कळत होतं!

सकाळी सुपरवायझरबाई स्वतः खाली येऊन उभ्या राहिल्या. वायरमन, बुलेट, आम्ही दोघं, आणि गाडीत आई. तिला काही सांगितलेलं नव्हतं. बुलेट म्हणाला, "वहिनी, मी नेतो ना, एका मिनिटात वर." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो मागे सरकला. हे स्टिअरिंगवर बसले. शर्टाची पाठ भिजलेली दिसत होती. मी आईशेजारी बसले, सरकारी नियम गेला उडत.

"आई, दांडी घट्ट धरा," हे म्हणाले.

"का?" आई म्हणाली.

ह्यांनी पाय उचलला, आणि दाबला. पूर्ण. एकदम तळाला.

गाडीने अशी उडी घेतली की माझी चप्पल निसटली. वारा तोंडावर. ताडपत्री फडफडायला लागली. आई "अगं बाई!" म्हणून ओरडली, मीही ओरडले, आणि पुढे हे, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, मान ताठ, डोळे बहुतेक मिटलेले असावेत अशी मला शंका आली. मुंगळे, झाडं, दम घ्यायची ती जागा, सगळं मागे. खड्डा मात्र बरोब्बर चुकवला, ते काही सुटलं नाही. वर पोचलो, त्यांनी पाय काढला आणि ब्रेक लावला. हिसका बसला. बसायचाच होता.

मी पहिली उडी मारून खाली उतरले आणि सीटच्या कडेला हात लावला. गार. पुन्हा लावला. गारच. खालून वायरमन हात हलवत होता, मी त्याला दोन्ही हात वर करून दाखवले. हे मात्र वळून आईकडेच बघत होते. "आई, लागलं का? खुब्याला लागलं का?"

आई लालबुंद झाली होती. "जावईबापू," ती म्हणाली, "ही गाडी एवढी पळते?"

"हो."

"मग इतके दिवस मला मयताच्या गाडीसारखी का नेत होतात?"

ह्यांनी खाली पेडलकडे बघितलं.

"रोज आधीपेक्षा हळू. मधे थांबून म्हणे दम घ्या! इतकं कुणाला नेतात? मला वाटलं, डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंय. म्हातारीचं हाड काही जुळलेलं नाही, हिचं आता काही खरं नाही, शेवटचे दिवस आहेत, जपून न्या. आणि ही," माझ्याकडे बोट, "ही मेली बाजूने चालत येते रडवं तोंड करून. मग कशाला पाय टेकू मी? मोडलेल्या पायावर उभी राहून आणखी मोडून घेऊ?"

"अगं आई, हाड जुळलंय गं तुझं! डॉक्टर रोज सांगतात!"

"डॉक्टर सांगणारच! मी तोंडाकडे कुठे बघत होते त्यांच्या? मी ह्यांच्या पायाकडे बघत होते."

हे गाडीवरून उतरले. तिच्यापुढे उभे राहिले, हात कसेतरीच लोंबत. "मी जपत होतो हो, आई," ते म्हणाले. "फक्त जपत होतो."

आईचा आवाज एकदम खाली आला. "जपलंत म्हणूनच भ्याले मी," ती म्हणाली. आणि मागे अडकवलेला वॉकर स्वतःच ओढून घेतला, दोन्ही पाय जमिनीवर टेकवले आणि उभी राहिली. मी हात पुढे केला, तो तिने झटकला. एक पाऊल. दुसरं. हॉलचं दार तसं लांब होतं.

ह्यांचं तोंड सवयीने उघडलं. मला माहीत होतं आता कुठला शब्द येणार. त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला, आणि तसेच उभे राहिले, डोळ्यांतून पाणी वाहत, ती दाराशी पोचेपर्यंत.